ड्रॉपचं वर्ष

इनडोअर ट्रॅकवर पळणं हा मुळात वैताग आहे, हे आधीच सांगून टाकते. बाहेर गुडघाभर बर्फ, म्हणून गोदामाएवढ्या हॉलमध्ये दोनशे मीटरचा ट्रॅक अंथरलेला असतो. माझी रेस तीन हजार मीटरची, म्हणजे त्याच त्या ट्रॅकवर पंधरा फेऱ्या. हवा इतकी कोरडी की रेस झाल्यावर दोन दिवस नुसतं खोकत बसायचं. नाशिकला मी पहाटे गंगापूर धरणाच्या बाजूला पळायचे, तेव्हा समोर रस्ता असायचा. इथे समोर कायम कुणाची तरी पाठ.

तरी त्या एका हिवाळ्यात मी त्या हॉलसाठी जीव टाकत होते. का, ते सांगते.

मी नाशिकची. पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि लगेच एमएससाठी मॅसॅच्युसेट्सला आले. तिथल्या श्रूजबरी गावात एका मराठी काकूंच्या बेसमेंटमध्ये राहायचे. सकाळी क्लास, दुपारी कॉलेजच्या कॅफेटेरियात भांडी लावायचं काम, संध्याकाळी असाइनमेंट. थकवा म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. झोपून उठलं तरी अंग कालचंच असायचं. घरी फोनवर मात्र "मस्त चाललंय" म्हणायचं, सगळे म्हणतात तसं.

ट्रॅकचा हॉल विद्यार्थ्यांना ठरावीक वेळी खुला असायचा. थंडीत बाहेर पळता येईना म्हणून मी तिथे जायला लागले. पुण्यात इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत पळणं जेमतेम टिकवलं होतं, कॉलेजच्या स्पर्धांपुरतं. इथे मी एकटीच फेऱ्या मारत होते आणि टीमच्या कोच कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. पन्नाशीच्या बाई, आखूड पांढरे केस, गळ्यात स्टॉपवॉच. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "तू कुठल्या टीमची?"

"कुठल्याच नाही."

"उद्या सकाळी सहाला ये," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. एवढंच आमचं सिलेक्शन.

काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, आधीच चिपाड झालीयेस, आणखी किती पळशील? पळून पळून जाणार कुठे?" पण दुसऱ्या दिवसापासून पहाटे ओट्यावर माझ्यासाठी दोन केळी आणि उकडलेलं अंडं ठेवलेलं असायचं. काकू शाकाहारी. अंडं कोण उकडतं, हे मी कधी विचारलं नाही.

टीमकडून पळायचं तर आधी एलिजिबिलिटी लागते, म्हणजे तुम्ही नियमात बसता की नाही ते. ते ठरेपर्यंत मला 'अनअटॅच्ड' म्हणून पळायला मिळत होतं, साध्या टीशर्टवर, नावापुढे कुठलंही कॉलेज नाही. अशा मी दोन-तीन रेस पळले. चांगल्या पळले, खोटं कशाला बोलू. कोच म्हणाल्या की या टायमिंगवर आमच्या कॉलेजांच्या लीगच्या इनडोअर चॅम्पियनशिपमध्ये तू सहज फायनल पळशील. पण चॅम्पियनशिपला अनअटॅच्ड चालत नाही. तिथे कॉलेजचं नाव छापलेलं टीमचं बनियन लागतं, आणि बनियनला एलिजिबिलिटी.

आणि हा एकच हिवाळा होता. पुढच्या वर्षी वयाच्या कुठल्याच हिशोबात मी बसणार नव्हते, ते सगळ्यांनाच दिसत होतं.

त्याच वर्षी लीगने वयाचा नवा नियम आणला होता. शाळा संपली किंवा एकोणीस वर्षं पूर्ण झाली, यातलं जे आधी होईल तिथून तुमचं घड्याळ सुरू. पाच वर्षं खेळा. मोजक्या सवलती सोडल्या तर मध्ये काहीही झालं तरी घड्याळ थांबत नाही. कारण असं की बाहेरदेशची पंचविशीतली माणसं येऊन अठरा वर्षांच्या पोरांना हरवत होती आणि आईबाप ओरडत होते. नियम चुकीचा आहे, असंही म्हणता येईना. मी अठराची असते आणि माझ्या शेजारी सव्वीसची बाई उभी केली असती, तर मीही बोंबलले असते.

आता माझा हिशोब. बारावीनंतर चार वर्षं इंजिनिअरिंग, पाचवं वर्ष हे. बसते की! फक्त मध्ये एक वर्ष जास्तीचं होतं. बारावीनंतर मी ड्रॉप घेतला होता.

आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बारावीला एन्ट्रन्समध्ये मार्क कमी पडले की एक वर्ष घरी बसायचं, क्लास लावायचा, पुन्हा परीक्षा द्यायची. घरोघरी एक तरी ड्रॉपर असतो. पण अमेरिकेत, एलिजिबिलिटीच्या ऑफिसात बसलेल्या त्या सभ्य, दमलेल्या माणसाला ते सांगताना मला घाम फुटला.

"त्या वर्षी तू कॉलेजला गेलीस?"

"नाही."

"नोकरी केलीस?"

"नाही."

"खेळलीस?"

"नाही."

"मग काय केलंस?"

"बसले होते," मी म्हणाले. "गणितं सोडवत."

त्याने पेन खाली ठेवलं. त्याला वाईट वाटलं असावं. मग त्याने सवलती वाचून दाखवल्या. त्या वर्षी सैन्यात असाल तर घड्याळ थांबतं. धर्मप्रसाराला गेला असाल तर थांबतं. बाळंतपण असेल तर थांबतं. मोठं आजारपण असेल तरी थांबतं. परीक्षेसाठी घरी बसलात तर थांबत नाही.

काकूंना हे कळलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. "बाळंतपण चालतं आणि एन्ट्रन्स चालत नाही? त्यातही पोरगी मरायलाच टेकते की!" मला हसू आलं, मग रडूही आलं. दमलेल्या माणसाला दोन्ही एकदमच येतं.

खरं दुखणं वेगळंच होतं. ड्रॉपच्या त्या वर्षी ज्युनियर गटात राज्य स्पर्धेसाठी माझी निवड झाली होती. पप्पा शाळेत गणित शिकवायचे, शिस्तीचे. त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "एकच वर्ष. एवढं एक वर्ष पळणं बंद. मग आयुष्यभर पळ, कोण अडवतंय?" मी जेवण टाकलं, रडले, बोलणं बंद केलं. काही उपयोग झाला नाही. सकाळी क्लास, दुपारी टेस्ट, संध्याकाळी पप्पा स्वतः शिकवायला बसायचे. आणि वर्षाच्या शेवटी मला मिळालं कुठलं कॉलेज? जे पहिल्याच वर्षी मिळत होतं, तेच! त्यावर आमच्या घरात नंतर कधी कुणी बोललं नाही. विषय निघाला की आई चहा टाकायला उठायची.

तर हे सगळं मी पप्पांना फोनवर सांगितलं. मुद्दाम सविस्तर सांगितलं, एकही सवलत न गाळता. ते नुसते "हं, हं" करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"डॉक्टरकाकांशी बोललोय," ते म्हणाले. "कावीळ टाकू की टायफॉइड, विचारत होते."

डॉक्टरकाका म्हणजे आमच्या गल्लीतले फॅमिली डॉक्टर. अख्ख्या कॉलनीची आजारपणं त्यांच्या लेटरहेडवर होऊन गेलीत. भाचीच्या लग्नासाठी शाळेतून रजा हवी, तर व्हायरल. परीक्षा चुकली, तर गॅस्ट्रो. आमच्याकडे मेडिकल सर्टिफिकेट ही फसवणूक नसतेच, ती सोय असते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं एक वर्ष गेलं होतं, ते कुणीतरी परत द्यावं, एवढंच मला हवं होतं. कुठल्या नावाखाली देतात, याच्याशी मला काय करायचंय!

"कावीळ," मी म्हणाले. "कावीळ लांबते."

सर्टिफिकेट आलं. ऑफिसातल्या माणसाने ते पाहिलं आणि सांगितलं की आईवडिलांपैकी कुणीतरी व्हिडिओ कॉलवर येऊन दुजोरा द्यावा लागेल, मग तो मंजुरीसाठी पुढे पाठवेल. कोच खूश झाल्या. त्यांनी माझ्या मापाचं बनियनसुद्धा काढून ठेवलं. मी ते घालून बघितलं नाही, नुसतं हातात धरून बघितलं.

कॉलच्या दिवशी सकाळी त्या ऑफिसात मी, कोच आणि तो माणूस असे तिघं बसलो. नाशिकला संध्याकाळ होती. लॅपटॉपच्या स्क्रीनवर पप्पा, इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसलेले. मागे आईचा अर्धा खांदा दिसत होता. कुकरची शिट्टी झाली तशी ती गॅस बंद करायला पळाली आणि लगेच परत आली.

त्या माणसाने आधी मला विचारलं, त्या आजारपणाबद्दल जरा सांग.

आणि मी सांगितलं! मला स्वतःलाच माहीत नव्हतं की मला इतकं छान खोटं बोलता येतं. डोळे पिवळेधमक झाले होते म्हटलं. अन्नाचा वास आला तरी उलटी यायची. तेल बंद, हळद बंद, नुसता उसाचा रस आणि मऊ भात. जिना चढताना धाप लागायची, पळायचा तर प्रश्नच नव्हता. माझ्या मैत्रिणी ग्राउंडवर जायच्या आणि मी खिडकीतून बघत पडायचे. हे शेवटचं मात्र खरं होतं. मी पडून नाही, टेबलाशी बसून बघायचे, एवढाच फरक. हे सांगत असताना कोचनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"थँक यू," तो माणूस म्हणाला. मग स्क्रीनकडे वळला. "सर, त्या वर्षी तुमची मुलगी आजारी असल्यामुळे खेळू शकली नाही, हे बरोबर आहे?"

पप्पा काही बोलेनात. मला वाटलं, आवाज अडकलाय. मी म्हणाले, "पप्पा, ऐकू येतंय का?"

"येतंय," ते मराठीत म्हणाले. मग घसा खाकरून, वर्गात फळ्यावर लिहावं तसं एकेक शब्द जुळवत इंग्रजीत बोलले. "नो सर. शी वॉज नॉट सिक. शी वॉज परफेक्टली फिट. आय स्टॉप्ड हर."

मागे आईने कपाळावर हात मारून घेतला, ते मला स्पष्ट दिसलं. मग ती खाली वाकून त्यांचा शर्ट ओढायला लागली. पप्पांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. "ती आजारी नव्हती," ते पुन्हा म्हणाले, या वेळी मराठीतच, ऑफिसातल्या माणसाला कळतंय की नाही याची पर्वा न करता. "मी तिला पळू दिलं नाही."

मला त्यांचा इतका राग आला की कान गरम झाले. सगळा जन्म ह्या माणसाने आपलंच खरं केलं, आणि आता नेमकं इथे, माझ्या बोलण्यावर पाणी फिरवून त्यांना खरं बोलायचं सुचलं! मी लॅपटॉप बंद केला. कुणी मला बंद करायला सांगितलं नव्हतं.

तो माणूस भला होता. म्हणाला की आजारपणाचा अर्ज मागे घेतला असं मी धरतो, पुढे काही कारवाई नाही. पण मंजुरीही नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये कोच माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या. "मला आधी खरं सांगायला हवं होतंस," एवढंच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्या बनियनचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही.

"आत्ता बरे राजा हरिश्चंद्र झाले!" काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं कुठे गेला होता तो?" त्यांनी त्या दिवशी मला साबुदाण्याची खिचडी करून घातली. मी दोनदा घेतली आणि झोपून गेले. त्यानंतर पप्पांचे फोन मी घेतले नाहीत. आईचे घ्यायचे. ती म्हणायची, "अगं, बोल की त्यांच्याशी, जेवण जात नाहीये त्यांना." मी म्हणायचे, "सबमिशन आहे."

चॅम्पियनशिपला मी गेले. जायची काही गरज नव्हती, पण कोचनी विचारलं, लॅप मोजायला येशील का, आणि नाही म्हणायला अंगात जोर लागतो. तीन हजारच्या रेसमध्ये पोरींना किती फेऱ्या उरल्या हे कळत नाही, म्हणून फिनिश लाइनजवळ आकड्यांच्या पाट्या उलटत कुणीतरी बसावं लागतं. ते मी केलं. आमच्या टीमची एक पोरगी होती, अठराची, पहिल्याच वर्षातली. ती प्रत्येक फेरीला माझ्या पाटीकडे असं बघायची, जसं काही मी आकडा चुकून कमी दाखवीन. शेवटच्या फेरीला घंटा वाजली आणि सगळा हॉल ओरडायला लागला. मीही ओरडले. त्या पोरीसाठीच ओरडले, अगदी मनापासून, आणि मध्येच माझं मलाच कळलं की मी ओरडतेय कमी आणि रडतेय जास्त. शेजारच्या व्हॉलंटिअरने मला पाण्याची बाटली दिली. त्याला वाटलं, आमची पोरगी जिंकली म्हणून. ती सहावी आली होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मीच पप्पांना फोन लावला. रागाचाही कंटाळा आला होता.

"झाली का रेस?" त्यांनी विचारलं. तारीख त्यांच्या लक्षात होती.

"झाली. मी पाट्या उलटत होते. दुसरं काय करणार?"

मी खोलीचं दार लावून घेतलं.

"तुम्हीच डॉक्टरकाकांकडे गेलात," मी म्हणाले. "तुम्हीच सर्टिफिकेट आणलंत. आणि ऐन वेळी पलटी मारलीत. खोटं बोलायचं नव्हतं तर आधी सांगायचं ना. मी तरी सगळ्यांसमोर तोंडावर पडले नसते."

"ठरवलं नव्हतं गं," ते म्हणाले. "हो म्हणायलाच बसलो होतो. तुझ्या आईला विचार, पाठ करून बसलो होतो. पण तू सांगायला लागलीस. डोळे पिवळे, उसाचा रस, जिना चढवत नव्हता. इतकं खरं वाटत होतं की ऐकता ऐकता मलाच पटायला लागलं. वाटलं, खरंच की, पोरगी आजारी होती, म्हणून पळाली नाही. कुणाचाच दोष नाही. फार बरं वाटलं मला. दोन मिनिटं फार बरं वाटलं. मग त्या माणसाने विचारलं, आणि मला माझीच लाज वाटली."

वर काकूंचा मिक्सर सुरू झाला, बंद झाला.

"तुम्हाला लाज वाटली, ठीक आहे," मी म्हणाले. "पण रेस माझी गेली, पप्पा. दुसऱ्यांदा गेली. दोन्ही वेळा तुम्हीच घालवलीत."

"हो," ते म्हणाले.

वाद घालतील, समजावतील, करिअरवर येतील, असं वाटलं होतं. त्यासाठी मी उत्तरं तयार ठेवली होती. मी पलंगावर बसले. पाय दुखत होते, काल एक पाऊल पळाले नव्हते तरी.

"मला पळायचं होतं हो, पप्पा," मी म्हणाले. "तेव्हा. खूप पळायचं होतं मला."

"माहितेय," ते म्हणाले. "तेव्हाही माहीत होतं."